पोर्टलवर ‘वैयक्तिक कारण’ निवडू नका

पाच वर्षं सात महिने एकाच कंपनीत, मागची तीन रेटिंगं चांगली, मग नवा डिलिव्हरी हेड (प्रकल्पांचा प्रमुख), ३० दिवसांचा पीआयपी (कामगिरी सुधारायला दिलेली मुदत आणि उद्दिष्टं) आणि शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा कॉल: ‘सोमवार सकाळपर्यंत कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा टाका, कारण पर्सनल लिहा, नाहीतर टर्मिनेशन लेटर निघेल आणि पुढे कुठे नोकरी मिळणार नाही.’ तुम्ही लिहिलेल्या या हकिकतीतला एकही शब्द मला नवा नाही. तुम्ही विचारलंय, राजीनामा द्यावा का. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं हे की दिलाच, तर कारणाच्या रकान्यात काय जाणार. मी तिथे ‘वैयक्तिक’ निवडलं होतं. बाकीच्या सगळ्या चुका नंतर निस्तरता आल्या, ही नाही.

आधीच सांगून ठेवते, मी वकील नाही. तुमचं नियुक्तिपत्र मी पाहिलेलं नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या पत्रातली कलमं वेगळी असतात. कामगार कायद्याची प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाशी एकदा बोलाच. पण सोमवार जवळ आलाय, म्हणून तोवरचं सांगते.

हा एक शब्द कंपनीला इतका का हवा असतो? राजीनामा आला की तुम्ही ॲट्रिशनच्या, म्हणजे स्वतःहून सोडून गेलेल्यांच्या आकड्यात जाता, कपातीच्या नाही. काढून टाकलं तर कंपनीवर देणी लागू होतात. ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला कपातीत काढायचं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे तुमची सहा वर्षं होतात, म्हणजे ९० दिवसांचं वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत यावर आणखी १५ दिवसांचं वेतन रिस्किलिंग (नवं कौशल्य शिकण्याच्या) निधीतून द्यायची तरतूद आहे. स्वेच्छेने सोडणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. गृहकर्जासोबत नोकरी गेल्याचा विमा घेतला असेल तर तोही राजीनाम्याला लागू होत नाही.

जबरदस्तीने घेतलेला राजीनामा खरा राजीनामा नव्हे, हे न्यायालयं मानतात. पण जबरदस्ती झाली हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. तुमच्याच लॉगिनमधून, तुमच्याच हाताने निवडलेला ‘वैयक्तिक’ हा पर्याय समोर ठेवला की तुमच्या तोंडी हकिकतीला वजन उरत नाही.

म्हणून आज रात्रीच, पोर्टलला हात लावायच्या आधी, एचआरला आणि मॅनेजरला ऑफिसच्या मेलवरून एक मेल पाठवा. भाषा साधी ठेवा, विशेषणं नकोत. आशय असा: ‘अमुक तारखेला अमुक वाजता झालेल्या कॉलमध्ये, ज्यात अमुक आणि अमुक उपस्थित होते, मला सोमवारपर्यंत राजीनामा देण्यास सांगण्यात आले, न दिल्यास सेवा समाप्त केली जाईल असेही सांगण्यात आले. माझा राजीनामा देण्याचा विचार नाही. कंपनीचा निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’ बस. त्यात रडगाणं नको, धमकी नको, इतक्या वर्षांच्या सेवेचा हिशेब नको. बहुतेक वेळा या मेलला उत्तर येत नाही, फोन येतो. फोन झाला की दहा मिनिटांत ‘आत्ता आपलं जे बोलणं झालं त्यानुसार’ असा दुसरा मेल. व्हॉट्सॲपवर आलं तर उत्तर मेलवरच द्या.

तरीही राजीनामा द्यायचं ठरलं (घरची परिस्थिती तुम्हालाच माहीत, त्यात मी मत देणार नाही), तर पोर्टलवरच्या तीन जागा नीट बघा. एक, कारणांची यादी. तिथे ‘इतर’ निवडा आणि शेऱ्यात लिहा, ‘कंपनीने अमुक तारखेच्या बैठकीत सांगितल्यावरून’. शेऱ्याला अक्षरांची मर्यादा असते, म्हणून वरच्या मेलच्या तारखेचा उल्लेख तेवढा येऊ द्या. दोन, ‘अपेक्षित शेवटचा दिवस’. ९० दिवसांची नोटीस असेल तर बरोबर ९० दिवसांनंतरची तारीख टाका. तीन, ‘अर्ली रिलीज’चा चौकोन. त्यावर टिक करू नका, एचआरने कितीही गोड बोलून सांगितलं तरी. ती टिक पडली की लवकर जायची विनंती तुमची ठरते. १५ दिवसांत सोडलं तर उरलेल्या ७५ दिवसांचा पगार मिळणं राहिलं बाजूला, तो फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, तुमच्याकडून वसूल झालेला दिसतो. सिस्टीम ही वजावट आपोआप करते, आणि ती उलटवायला कोणाचीतरी मंजुरी लागते जी मिळता मिळत नाही. सबमिट करायच्या आधी स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढा.

कोणी याआधीच ‘वैयक्तिक’ टाकून बसलं असेल, तर राजीनामा मंजूर व्हायच्या आत मागे घेत असल्याचा मेल त्याच दिवशी करा. दबावाखाली दिला होता, हे त्यात लिहा. कंपनी मानेलच असं नाही, पण दोन दिवसांत घेतलेली हरकत आणि दोन महिन्यांनी घेतलेली हरकत यांत फार अंतर आहे.

रिलीव्हिंग लेटरची (कंपनीने कार्यमुक्त केल्याच्या पत्राची) भीती तुम्हाला वाटतेय, आणि ती खोटी नाही. पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, त्यात सोडण्याचं कारण आणि ‘पुन्हा घेणार का’ हे विचारलं जातं. पण रिलीव्हिंग लेटरमध्ये सहसा पद, रुजू तारीख आणि शेवटची तारीख एवढंच असतं. तेवढंच असावं असा आग्रह धरता येतो. ते पत्र तटस्थ राहू द्या आणि खरं कारण मेलमध्ये नोंदलेलं राहू द्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. एचआर मुद्दाम त्या एकमेकींत गुंतवतं आणि घाबरलेला माणूस ते ऐकतो. समोरून परस्पर संमतीने वेगळं व्हायचा करार आला तर किती महिन्यांचा पगार, कोणत्या तारखेला, आणि पुढे दावा न करण्याचं कलम आहे का, हे वाचल्याशिवाय सही नको. दोन दिवस मागून घ्या. चालू कॉलवर डिजिटल सही करायला लावणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

आता पुराव्यांबद्दल. ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी मेलवर फॉरवर्ड करू नका. डेटा बाहेर गेल्याची सूचना सिक्युरिटी टीमला लगेच जाते, आणि मग कामगिरीचा प्रश्न बाजूला राहून गैरवर्तनाचं प्रकरण तयार होतं. क्लायंटचं नाव असलेलं काहीही बाहेर नेऊ नका. जे कागद तुमचे आहेत ते मात्र आजच उतरवून घ्या: नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रं, सगळ्या वर्षांची रेटिंगची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, शिल्लक रजेचं पान. ॲक्सेस बंद करायचा ठरला तर तो कॉल चालू असतानाच बंद होतो. बाकीचं वहीत हाताने लिहा. तारीख, वेळ, कोण होतं, काय शब्द वापरले. कॉल रेकॉर्ड करावा का, हे वकिलाला विचारा, मी सांगणार नाही.

पीआयपीच्या कागदावर सही केली असेल तर घाबरू नका. केली नसेल तर ‘मिळाला, मजकूर मान्य नाही’ असं लिहून करा. त्यातली उद्दिष्टं वाचा. ‘ओनरशिप दाखवा’, ‘कम्युनिकेशन सुधारा’ असलं असेल तर मेलवर विचारा: किती तिकिटं (नोंदवलेली कामं), किती दिवसांत, कोण तपासणार, आठवड्याचा आढावा कोणत्या वारी. उत्तर आलं नाही तर तेच नोंदीला येतं. मोजता न येणारं उद्दिष्ट दिलं जातं तेव्हा निकाल बहुतेक आधीच ठरलेला असतो. नव्या हेडला बेल कर्व्हच्या (ठरावीक टक्के लोकांना कमी रेटिंग द्यायच्या पद्धतीच्या) तळाला नावं भरायची असतात, वरून आकडा तोंडी आलेला असतो, आणि जुन्या टीमशी त्याचं काही नातं नसतं. टाउनहॉलमध्ये ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणणारे हेच लोक एक ओळ लेखी द्यायला तयार होत नाहीत, याचा मला आजही राग येतो. कपात करायची कंपनीला मुभा आहे. ती नियमाने करावी, पैसे द्यावेत, आणि ज्याने निर्णय घेतला त्याने समोर बसून सांगावं. दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एचआर जनरलिस्टच्या तोंडून ते वदवून घेणं हे नेतृत्व नाही.

‘कामगार’ कोण, हा खरा कायदेशीर पेच. पदनावात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ आहे म्हणून तुम्ही आपोआप बाहेर पडत नाही. प्रत्यक्षात काय काम करता ते बघतात. दिवसभर कोड लिहिता, टेस्टिंग करता, रजा मंजूर करायचा किंवा माणूस घ्यायचा अधिकार नाही, तर मुद्दा मांडता येतो. पोर्टलवर तुमच्या हाताखाली एकही नाव नसलेला तक्ता असेल तर तो जपा. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीतून २०१५ साली काढलेल्या कर्मचाऱ्याला कामगार ठरवून परत घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे दार बंद नाही. पण मधली वर्षंही मोजा, आणि तेवढा धीर, तेवढे पैसे आहेत का ते ठरवा. कायद्यातली मुदत दोन वर्षांची आहे, तरी तितकं थांबू नका.

कामगार खात्याकडे जाल तेव्हाची एक गोष्ट. मला ज्या कार्यालयात जावं लागलं तिथे खिडकीवरच ‘तुम्हीच राजीनामा दिलाय ना, मग वाद कसला?’ म्हणून अर्ज न वाचता परत दिला, आणि मी तो परत घेतला. घ्यायचा नव्हता. वाद आहे की नाही हे समेट अधिकाऱ्याने ठरवायचं असतं, खिडकीवरच्याने नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घेतलाच नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. शिक्का नसलेल्या फेऱ्या कोणी मोजत नाही. अर्जाला वरचा मेल जोडला असेल तर खिडकीवरचा तो प्रश्नच उरत नाही.

हिशेबाचं थोडक्यात. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की काढलेलं असो, उरलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ‘आमची पॉलिसी ४५ दिवसांची आहे’ हे उत्तर मान्य करू नका. ग्रॅच्युइटी तुम्हाला लागू आहे: शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले सहा. बेसिक ६०,००० धरलं तर साधारण २,०७,६९२ रुपये. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरतात, त्यामुळे तुमचा आकडा याहून मोठा येऊ शकतो. तो सीएकडून काढून घ्या. पीएफवर कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते. पण तारीख रिलीव्हिंग लेटरशी जुळू द्या, नाहीतर पुढच्या नोकरीशी ओव्हरलॅप दिसतो आणि ट्रान्सफर अडकतं.

आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेमवर असतील तर हे सोमवारीच करा. ते कव्हर सहसा शेवटच्या दिवशी संपतं. त्याआधी त्याच विमा कंपनीला लेखी कळवून वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज द्या, म्हणजे प्रतीक्षाकाळाची सरलेली वर्षं वाया जात नाहीत. कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्याची तारीख बघूनच शेवटच्या दिवसाबद्दल बोला.

मेलचा मसुदा तयार झाला की नावं आणि कंपनी खोडून इथे टाका. मी रविवारी रात्रीपर्यंत बघेन.