संकासुरानं आमची फिरकी घेतली तेव्हा

फोंड्याच्या मुलाचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: पणजीला ओपन माइकला गेला, तिथं एका कॉमेडियननं पबजी-बीजीएमआय हे मोबाइलवरचे गोळीबाराचे गेम खेळणाऱ्यांवर दहा मिनिटं तोंडसुख घेतलं. हा आणि दोघे मित्र मधूनच उठून आले. पुढं क्लिप आली तेव्हा यानं खाली लिहिलं, "आधी कॉन्करर होऊन दाखव, मग बोल." कॉन्करर म्हणजे त्या गेममधली सर्वांत वरची रँक. आता कॉलेजात सगळे त्यालाच 'कॉन्करर' म्हणून हाका मारतात. विचारतोय, माझं काय चुकलं, आणि गेम खेळणाऱ्यांनी असले विनोद का म्हणून ऐकून घ्यायचे?

वयानं तू माझ्या पुतण्याएवढा, म्हणून अरेतुरे करतो. रागावू नकोस. म्हणजे, आणखी रागावू नकोस.

२००३ ते २००९ मी म्हापशात सायबर कॅफे चालवला. सात कॉम्प्युटर, एप्रिल आला की हमखास बंद पडणारा एक एसी आणि तासाला वीस रुपये. सकाळी नोकरीचे अर्ज भरणारे यायचे, बोटीवर असलेल्या नवऱ्यांना ईमेल लिहिणाऱ्या बायका यायच्या. संध्याकाळी पाचनंतर मात्र फक्त काउंटर-स्ट्राइक, म्हणजे दोन टोळ्यांचा गोळीबाराचा गेम. गेम खेळणारा कसा चिडतो, कशावर चिडतो आणि कशावर अजिबात चिडत नाही, हे मी सहा वर्षं गल्ल्यावर बसून बघितलंय.

ती पोरं एकमेकांना जे बोलायची ते इथं लिहिलं तर माझं खातं बंद होईल. नूब, म्हणजे नवखा, हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. कोपऱ्यात लपून बसणाऱ्याचं नाव वर्षभर 'उंदीर' पडलेलं. कुणी कधी उठून गेलं नाही. म्हणजे हे लोक थट्टेला भितात, हे काही खरं नाही.

आमचं गाव डिचोली तालुक्यातलं. एका वर्षी जत्रेच्या रात्री दहीकाल्यात संकासुराचं काम करणारा माणूस गावातलाच होता, दिवसा रंगकाम करायचा. संकासूर म्हणजे काय ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे. घाटावरच्यांसाठी सांगतो: दशावतारी खेळाच्या सुरुवातीला येणारा, वेद पळवणारा असुर. काळ्या कपड्यांत येतो, गावच्या बोलीत बोलतो आणि समोर बसलेल्यांपैकी कुणालाही सोडत नाही. सरपंच असो, भटजी असो, गेल्या महिन्यात नवी गाडी घेतलेला असो. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण तोवर रंगमंच त्याचाच.

तर हा माणूस त्याच आठवड्यात कसलीशी प्रिंट काढायला माझ्याकडे आला होता. प्रिंटर अडकलेला. त्यामुळे अर्धा तास पोरांच्या मागं उभा राहून बघत होता. मला वाटलं कंटाळलाय.

जत्रेच्या रात्री विष्णूशी लढाई सुरू झाली आणि हा पेटीवाल्याच्या मागं जाऊन बसला. विष्णू शोधतोय, हा पेटीवरून डोकं वर काढतो, पुन्हा खाली. पेटीवाला म्हणतो, अरे काय करतोस? हा म्हणतो, "गप, कॅम्प मारलाय." मग एकदाचा मेला. विष्णू बिचारा पुढचा संवाद म्हणायला लागला तर हा आडवा पडल्यापडल्या बोट ओठांवर ठेवून प्रेक्षकांना सांगतो, "मला काही विचारू नका. मेलेल्यानं बोलायचं नसतं. राउंड संपेपर्यंत बघत बसायचं."

जे खेळले नाहीत त्यांच्यासाठी: कॅम्प मारणं म्हणजे एका जागी लपून बसणं, आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये एकदा मेलात की त्या राउंडपुरते तुम्ही बाद. जिवंत खेळाडूंशी बोलता येत नाही, नुसतं बघायचं. समोर बसलेल्या पाचशे माणसांतल्या फार तर वीस जणांना तो विनोद कळला असेल. पण ते वीस जण मांडवाबाहेर जाऊन लोळत होते. पुढं वर्षभर कॅफेत कुणी मेल्यावर बडबडला की सगळे एका आवाजात ओरडायचे, "मेलेल्यानं बोलायचं नसतं!"

त्याच साली एका शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालकानं याच पोरांवर विनोद केला. संगणकावर माणसं मारतात, परीक्षेत मात्र स्वतःच मरतात, असं काहीतरी. पालकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपेपर्यंत त्याच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली. कुणी काढली ते मला माहीत आहे. आज तो एका मोठ्या कंपनीत हुद्द्यावर आहे, म्हणून नाव सांगत नाही. हवा काढणं वाईटच. पण एकाच गावची तीच पोरं एकाला डोक्यावर घेतात आणि दुसऱ्याच्या चाकातली हवा काढतात, हा फरक कशामुळे पडला याचा विचार कर.

संकासूर अर्धा तास मागं उभा राहिला होता. त्या सूत्रसंचालक गृहस्थांनी कॅफेची पायरीसुद्धा चढली नव्हती. शिवाय त्यांचा विनोद ज्या सुरात आला तो सूर पोरांच्या ओळखीचा होता. घरी आई, काका, ट्यूशनचे सर रोज त्याच सुरात बोलतात. तुझंही बहुधा तेच झालं. घरी फुकट ऐकतो तेच तिथं तिकीट काढून ऐकावं लागलं.

त्यातून आपल्या गोव्यात तर 'गेमिंग' हा शब्दच बदनाम. मांडवीतल्या बोटींवरच्या कॅसिनोंनी तो केव्हाच उचलला. माझ्या भाच्यानं एका लग्नात कुणाला तरी सांगितलं, मी गेमिंगमध्ये आहे. समोरच्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "कुठल्या बोटीवर?" भाचा अजून चिडतो. माझ्या मते गोव्यात गेमिंगवर झालेला हा सर्वांत चांगला विनोद, आणि करणाऱ्याला पत्तासुद्धा नाही. २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स दुसऱ्या बाजूला केले खरे, पण लग्नातल्या पाहुण्यांपर्यंत कायदा पोचायला वेळ लागतो.

आता तुझ्या कॉमेंटकडे येतो. हे तू पहिल्यांदा केलेलं नाहीस. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस यूट्यूबनं गेमिंगसाठी वेगळं दालन उघडलं, तेव्हा अमेरिकेत जिमी किमेलनं आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात त्याची टर उडवली. दुसऱ्याला गेम खेळताना कोण बघत बसतं, हा सगळ्याचा गाभा. विनोद तसा आळशीच. कारण दुसऱ्याचा खेळ बघण्यात तर अख्खं जग बुडालंय. फातोर्ड्याला स्टेडियम भरतं ते कशासाठी? धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजीवर, बंदी आहे तरी माणसं शेतात जमतातच. आमच्या वाड्यावरच्या क्लबात कॅरमला चार खेळणारे आणि चौदा बघणारे, आणि त्या चौदांपैकी प्रत्येकाला वाटतं राणी मीच घेतली असती.

हे इतकं सरळ उत्तर हाताशी असताना गेमर लोकांनी काय केलं? त्या व्हिडिओवर नापसंतीचा ढीग घातला आणि खाली शिव्याशाप लिहिले, तू मर इथपर्यंत. किमेलनं काय केलं? त्याच कॉमेंट निवडून कार्यक्रमात वाचून दाखवल्या. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा मजकूर त्याला घरपोच आणि फुकट मिळाला. पुढं त्यानं मार्किप्लायर आणि मिसेस मे या दोन नावाजलेल्या गेमरना बोलावून त्यांच्याकडून गेम शिकून घ्यायचा प्रयत्न केला. त्या भेटीत ते दोघे शांत आणि हसतमुख होते, आणि आपल्या लोकांची बाजू लाखो शिव्यांना जमली नाही तेवढी त्या दोघांनी सावरली.

तुझं 'कॉन्करर होऊन दाखव' शिवी नाही, मान्य. पण तेही त्याच जातीचं. विनोद करायला आधी तिकीट लागतं असं तू म्हणालास, आणि ते तिकीटही असं की सर्व्हरवर वरच्या पाचशेत यायला हवं. मग तू तरी आमदारांवर विनोद कसा करतोस? किती निवडणुका लढलास?

खेळता येत नसतानाही गेमरना हसवता येतं, याचा पुरावा अमेरिकेतला विनोदवीर कोनन ओब्रायन. त्याला गेममधलं काही कळत नाही, आणि २०१२ पासून 'क्लूलेस गेमर' या नावानं तो वर्षानुवर्षं तेच दाखवत राहिला. पण तो कंट्रोलर हातात घेऊन बसायचा. गेममधल्या भिंतीवर आपटायचा, वैतागायचा, गेमची टर उडवायचा आणि स्वतःचीही. गेमर त्याच्यावर इतके खूश की २०१९ मध्ये हिदेओ कोजिमानं त्याला 'डेथ स्ट्रँडिंग' या आपल्या गेममध्येच पात्र करून टाकलं.

आयर्लंडचा विनोदवीर दारा ओ ब्रीअन उलट पक्का खेळणारा. त्याचा एक मुद्दा मला फार आवडतो. पुस्तक वाचताना, सिनेमा बघताना तुम्ही कच्चे आहात म्हणून कुणी पुढचा भाग बंद करत नाही. गेम मात्र करतो. साठ तासांच्या गेमचे पैसे भरा, आणि तिसऱ्या तासाला जमलं नाही तर उरलेले सत्तावन्न कायमचे कुलपात. हा विनोद आहे की तक्रार? दोन्ही. न खेळलेल्या माणसाला तो सुचणारच नाही.

'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेनं २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांवर केलेला भाग तर कमालीचा दुष्ट आहे. लठ्ठ, पुटकुळ्यांनी भरलेली, खुर्चीतून न उठणारी पोरं दाखवलीत. तरी तो गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डनंच त्यासाठी मदत केली, पुढच्या वर्षी त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, आणि आजही वॉरक्राफ्टवाले तो भाग आपलाच असल्यासारखा सांगतात. दुष्टपणा चालतो. ढिसाळपणा चालत नाही.

आपल्याकडचंच बघायचं तर जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत परीक्षा पे चर्चा चालू असताना एका आईनं मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली, आणि पंतप्रधानांनी विचारलं, "ये पबजीवाला है क्या?" सभागृह हसून लोटपोट. गेमरनी त्याचे मीम करून महिनोन् महिने फिरवले. विनोद म्हणून त्यात फार काही नाही, पण गेमचं नाव बरोबर घेतलं एवढ्यावरच पोरं खूश झाली. किती कमी अपेक्षा असतात बघ आपल्या.

पुढच्याच महिन्यात आपल्या गोव्याच्या तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी पबजी म्हणजे घराघरात शिरलेला राक्षस आहे, अशा अर्थाचं विधान केलं. ते विनोद करत नव्हते. आमच्या वाड्यावरच्या चार पोरांनी त्याच रात्री आपल्या स्क्वॉडचं नाव 'घरचे राक्षस' ठेवलं. दीड वर्षानं, २ सप्टेंबर २०२० ला, ११८ अॅपच्या बंदीत पबजी गेला. पोरं आता त्याचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, खेळतात, त्यातले दोघे बापही झालेत, पण व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव अजून तेच आहे. मंत्रिमहोदयांना उत्तर द्यायला त्यांना एक ओळही लिहावी लागली नाही.

सगळं ऐकून घ्यायचं का, हा तुझा दुसरा प्रश्न. नाही. ज्यात गेमच नाही तो विनोद ऐकून घ्यायचं काही कारण नाही. माझी कसोटी सोपी: 'गेमर' शब्द काढून तिथं 'कवी' घाल. अंघोळ करत नाही, आईबापाच्या जिवावर जगतो, कुठली मुलगी ढुंकून बघत नाही. कवीलाही चपखल बसतं ना? मग तो विनोद तुझ्यावर नव्हताच, तो शिळा माल आहे, फक्त लेबल बदललंय. त्यावर जांभई द्यावी. उलट माइकवर मुलीचा आवाज आला की लॉबीत, म्हणजे गेम सुरू होण्याआधी सगळे जमतात तिथं, जे सुरू होतं, त्यावर कुणी आपली सालं काढली तर मी पहिल्या रांगेत बसेन. त्या बाबतीत आपण फार लाडावलेले आहोत.

हे सगळं लिहिण्याआधी मी तुझी ती क्लिप बघितली. दहापैकी आठ मिनिटं कवीचे विनोद आहेत, त्याबद्दल तुझी बाजू शंभर टक्के खरी. पबजी जिंकल्यावर झळकणाऱ्या 'चिकन डिनर'वरचा तर मी २०१८ पासून ऐकतोय.

पण सातव्या मिनिटाला तो नळाच्या पाण्याचा किस्सा येतो. तासभरच पाणी, आई ओरडते घागर लाव, पोरगा म्हणतो, "आई, पॉज होत नाही, नव्याण्णव माणसं आहेत सर्व्हरवर." आणि आई विचारते, "त्यांच्याकडे पाणी येत नाही?" हा माणूस एकतर खेळलाय, नाहीतर त्याच्या घरात कुणीतरी खेळतं. ऑनलाइन गेम पॉज होत नाही हे आईला समजावण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्यात. मी एकटाच खोलीत बसून मोठ्यानं हसलो. क्लिपमध्ये नेमक्या त्याच हशाच्या मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. तिन्ही खुर्च्यांचा, पुन्हा लावून ऐकलं.

पहिली सहा मिनिटं तू बसून होतास की रे.

कॉमेंट काढू नकोस, काढलीस तर 'कॉन्करर' हे नाव पदवीपर्यंत चिकटेल. तिच्याखालीच दुसरी टाक, रँकबिंक न काढता. काय लिहायचं ते तुझं तू बघ. फक्त मला एक सांग, त्या दिवशी पाणी शेवटी भरलं कुणी?