'औपचारिक तैलचित्र' म्हणावं का?

अठराव्या शतकातल्या युरोपीय स्त्रियांच्या 'फॉर्मल पोर्ट्रेट'वर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : 'औपचारिक तैलचित्र' चालेल का, की 'तसबीर' बरा?

आधी 'तैलचित्र' बघू. शब्द माध्यमाचा, पण मराठीत त्याला माणूस चिकटला आहे. 'सभागृहात तैलचित्राचे अनावरण' अशी बातमी वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे नदीकाठ येत नाही, पुढारीच येतो. त्या बातमीपुरतं ठीक. अठराव्या शतकात मात्र हा शब्द तोंडघशी पाडतो. पॅरिसच्या १७५५च्या सालाँ प्रदर्शनात चित्रकार मोरिस कांतँ द ला तूरने मांडलेलं, राजा पंधराव्या लुईच्या मर्जीतल्या मादाम द पोंपादूरचं चित्र घ्या. पूर्णाकृती, हातात स्वरलिपीचे कागद, शेजारच्या टेबलावर दिदेरोच्या विश्वकोशाचा खंड आणि पृथ्वीगोल. थाट पाहून कुणीही तैलचित्र म्हणेल. आहे ते पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंचं, निळ्या कागदाचे तुकडे जोडून त्यावर केलेलं. व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कॅरिएरा हिची तर ख्याती मुख्यतः पेस्टलवरच. तेव्हा चित्र तैलरंगातलं आहे हे ठाऊक असेल तिथेच 'तैलचित्र' लिहा.

'तसबीर' मला मनापासून आवडतो. अरबी 'तस्वीर' फारसीतून आपल्याकडे आला आणि घरचा झाला. पण आज तसबीर म्हटलं की काच, चौकट आणि वर हार. देवाची किंवा गेलेल्या माणसाची. पेशवाईच्या संदर्भात तो शोभतो. १७९२ साली पुण्यात ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकत्र तैलरंगात रंगवलं, त्याला मी बेधडक तसबीर म्हणेन. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या चित्राला नाही.

राहिला 'व्यक्तिचित्र'. लेखनातल्या व्यक्तिचित्राशी गोंधळ होतो खरा, पण चित्रकलेच्या लेखात संदर्भच तो निस्तरतो. 'स्त्रीचित्र' नको. त्यात कुठलीही बाई येते, पाणी भरणारीसुद्धा; इथे नावागावाची, ओळखू येणारी बाई हवी. ती कला-देवतेच्या वेशात बसलेली असली तरी चालेल. इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सने १७८४ साली सेरा सिडन्स या नटीला शोकनाट्याची देवता म्हणून सिंहासनावर बसवलं, तरी ते तिचं व्यक्तिचित्रच.

खरी अडचण 'औपचारिक'ची आहे. औपचारिक म्हणजे आपल्याला उपचारापुरतं, कोरडं वाटतं. तिथे मामला पोशाखाचा आणि पदाचा होता. १७८३च्या सालाँमध्ये चित्रकर्ती एलिझाबेथ व्हिजे ल ब्रूनने राणी मारी आंत्वानेतला पांढऱ्या मलमलीच्या सैल झग्यात, डोक्यावर गवती हॅट घातलेली दाखवलं. राणी अंतर्वस्त्रांत प्रदर्शनात आली, अशी ओरड झाली आणि चित्र उतरवावं लागलं. बदली चित्रात राणी जवळजवळ तशीच उभी, हातात गुलाबही तसाच; फक्त अंगावर निळसर करडं रेशीम आणि गळ्यात मोती चढले. (लोकांना खुपली ती मलमल. आपल्याकडे ती मिरवायची चीज!) हा फरक 'औपचारिक'ने कळत नाही. राणीसाठी 'दरबारी पोशाखातलं व्यक्तिचित्र' आणि एखाद्या सावकाराच्या बायकोसाठी 'ठेवणीतल्या कपड्यांतलं' असं लिहिलं की काम होतं. एकच प्रतिशब्द सगळीकडे ठोकायचा हट्ट कशाला?

त्याच वाचकाने 'सिटर'चंही, म्हणजे जिचं चित्र काढलं जातं तिला काय म्हणावं हेही, विचारलं आहे. 'मॉडेल' लिहू नका. मॉडेल पैसे घेऊन बसते, आणि इथे बहुधा बसणारीच्या घरून चित्रकाराला पैसे जायचे. 'चित्रविषय' तर बाईला वस्तू करून टाकतो. आपण 'फोटोला बसणं' म्हणतोच, त्याच चालीवर 'चित्राला बसलेली' लिहा. 'सिडन्सबाई रेनॉल्ड्सकडे चित्राला बसल्या' हे वाक्य कुठल्याही मराठी घरात कळेल.