घरच्या घरी तंबाखू ओढायचा लाकडी पाइप बनवायचा छंद लावून घ्यायचाय. जुन्या पलंगाचे शिसवी खूर, एक हातातलं ड्रिल आणि दोन कानशी घरात आहेत. सागवान किंवा शिसवी चालेल का? सुरुवात कुठून करू?

सागवान नको आणि शिसवीही नको. जुन्या पलंगाचे शिसवी खूर घरात पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मोह होणारच. पण शिसवीचा बारीक भुसा अनेकांना सोसत नाही, अंगाला खाज सुटते, शिंका येतात. सागाचीही तीच तऱ्हा. त्यातून जुन्या खुरांवर वर्षानुवर्षांचं पॉलिश मुरलेलं. ज्यात तंबाखू पेटणार आणि ज्यातून धूर तोंडात येणार, तिथे असलं लाकूड वापरू नका.

पाइपसाठी खरं लाकूड म्हणजे ब्रायर. कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राकाठच्या मुलखात एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या बुंध्याशी, मातीखाली एक गाठ धरते. वणव्यात वरचं झुडूप जळून गेलं तरी या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. ही गाठ घट्ट असते, उष्णता सोसते आणि थोडी ओलही शोषून घेते. ती खणून काढली की ओली असतानाच कापतात, तुकडे कित्येक तास उकळून आतला कडवटपणा काढतात आणि मग महिनोन्महिने सावकाश सुकवतात. फ्रान्समधलं सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडाच्या पाइपसाठी प्रसिद्ध आहे.

तुमच्याकडे एक हातातलं ड्रिल आणि दोन कानशी आहेत. एवढ्यावर सुरुवात होते, फक्त पहिला ठोकळा आधीच भोकं पाडलेला आणि तोंडात धरायची नळी बसवलेला घ्या. असे किट ऑनलाइन मिळतात. हा सल्ला मी मनापासून देतोय, कारण पाइप चांगला की वाईट हे आतल्या भोकांवर ठरतं. तंबाखूची वाटी साधारण 19 मिलिमीटर रुंद आणि हवेचं भोक 4 मिलिमीटरच्या आसपास. हे बारीक भोक वाटीच्या अगदी तळाला, मधोमध उघडलं पाहिजे. जरा वर उघडलं तर तळाचा तंबाखू ओला राहतो, नीट जळत नाही. हातात धरलेल्या ड्रिलने हा नेम साधणं फार कठीण. ते काम लेथवर किंवा स्टँडवरच्या ड्रिलवर करायचं, आणि तेही पुढे कधीतरी.

आकार मात्र पूर्ण तुमचा. आधी कागदावर बाजूचं आणि वरचं असं दोन्हीकडचं चित्र खऱ्या मापात काढा. त्यावर भोकांच्या रेघा मारा आणि वाटीची भिंत कुठेही 6 मिलिमीटरपेक्षा पातळ होत नाही ना ते बघा. मग ठोकळा पाण्याने ओला करा, लाकडाच्या रेषा म्हणजे धारा उमटतात. एका अंगाला उभ्या धारा दिसतील, त्यांच्या टोकाच्या अंगाला बारीक ठिपके. धारा वाटीच्या कडेने वर चढतील असा आकार बसवायचा. कोपनहेगनला काम करणारे सिक्स्टन इवार्सन (1910–2001) रेषा बघून आधी आकार काढत आणि भोकं नंतर पाडत. डॅनिश पाइपचं आजचं रूप बरंचसं त्यांच्या हातून आलंय. त्यांच्या पाइपची छायाचित्रं जरूर बघा, वाटीपासून नळीकडे जाणाऱ्या लाकडी दांड्यापर्यंत रेघ कुठे मोडत नाही.

दांडा घासताना नळी काढून ठेवू नका. लाकूड आणि नळी एकत्रच घासायची, तर जोडावरून नख फिरवलं तरी अडकत नाही. वेगवेगळं घासलं की तिथे बारीक पायरी राहते आणि ती मग जाता जात नाही.

घासता घासता लाकडात खड्डा निघाला तर घाबरू नका, ब्रायरमध्ये ते असतातच. त्या भागावर कोरणीने खडबडीत पोत काढा. नामांकित कारागीरही हेच करतात.

पॉलिश पेपर 220 पासून 600 पर्यंत, एकही नंबर न गाळता. मध्ये एकदा स्पिरिटमधला गडद रंग लावा: राहिलेले ओरखडे लगेच काळे दिसतात. ते घासून काढा आणि वरून फिकट रंग द्या, म्हणजे धारा उठून दिसतात. व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लावू नका, पाइप तापला की त्याला फुगे येतात. कारनौबा हे ताडासारख्या झाडाच्या पानांपासून मिळणारं कडक मेण लावायचं, पण ते 80 अंशांच्या पुढेच वितळतं, त्यामुळे नुसतं फडक्याने चोळून चढत नाही. ड्रिलला कापडी बफ (चकाकी आणायची कापडाची चकती) लावून घासा, तुमचं ड्रिल इथे कामाला येईल. वाटीच्या आत रंग किंवा मेण जाऊ देऊ नका.

मी स्वतः तंबाखू ओढत नाही, आणि पाइपनेही तोंडाचा कर्करोग होतो हे मागणाऱ्याला सांगूनच पाइप देतो. मला ओढ आहे ती लाकडाची.

किट येईपर्यंत शिवणीच्या तुकड्यावर आकाराचा सराव करा, मऊ लाकूड आहे, कानस छान चालते. आणि मास्क लावल्याशिवाय घासायला बसू नका, ब्रायरचा भुसा फार बारीक असतो.