पोपट स्वतःची पिसे उपटतोय, छातीवर जखमही झाली आहे. काय करावे?

जखम असेल तर आजच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. नुसती पिसे उपटत असेल तर डॉक्टरकडे न्यायला एकवेळ दोन दिवस थांबता येईल, पण मांस कुरतडायला लागला की रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्हींची भीती असते. चोच जखमेपर्यंत पोहोचू नये म्हणून गळ्यात कॉलर घालायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील. घरचे मलम किंवा तेल मात्र लावू नका. पिसे साफ करताना ते पक्ष्याच्या पोटात जाते आणि पिसे चिकट होतात.

आधी डोके बघा. स्वतःच्या डोक्याला चोच पोहोचत नाही. त्यामुळे अंग उघडे पण डोक्यावरची पिसे शाबूत असतील तर बहुधा तो स्वतःच उपटतोय. डोक्यावरचीही गेली असतील तर सोबतचा पक्षी किंवा एखादा आजार असू शकतो. यकृताचे विकार, त्वचेचा संसर्ग, पिंजऱ्यातले जस्त पोटात जाणे, नुसत्या बियांवर ठेवल्याने होणारी अ जीवनसत्त्वाची कमतरता, हे सगळे तपासल्याशिवाय ‘कंटाळलाय’ म्हणून मोकळे होऊ नका.

तपासण्या ठीक आल्या तर मग दिनक्रम बदला. रात्री १०-१२ तास अंधार आणि शांतता, अधूनमधून अंघोळ. वाटीत आयते खाणे कमी करा. कागदाच्या पुडीत गुंडाळून, खोक्यात लपवून द्या. चोचीला फाडायला काहीतरी हवेच. उपटताना ओरडलात तर त्याला तेवढेच लक्ष मिळते, सवय पक्की होते. मनावरची औषधेही असतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

जुनी सवय असेल तर पिसांची मुळेच खराब झालेली असू शकतात, तिथे पुन्हा पिसे येतीलच असे नाही.