पट्ट्याचं वय पावतीवर नसतं

प्रश्न : काका, आमचं कोपरीत गोविंदा पथक आहे. वरच्या थरांतल्या पोरांचे काही सेफ्टी बेल्ट आम्ही २०१७ साली घेतले. काही घोडबंदर रोडला एका टॉवरचं काम संपल्यावर कॉन्ट्रॅक्टरने फुकट दिले. सराव आणि दहीहंडीचा दिवस, एवढाच वापर. दिसायला सगळे चांगले आहेत. अजून किती वर्षं चालतील?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : आधी फुकटचे बाजूला काढा, नवेकोरे दिसत असले तरी. साइटवर त्यांनी काय काय सोसलं हे ना तुम्हाला ठाऊक, ना देणाऱ्याला. वेल्डिंगची ठिणगी पट्ट्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडते, ते धुळीत दिसतही नाही. हे पट्टे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. पॉलिएस्टरला तीव्र अल्कली सोसत नाही, आणि ओलं सिमेंट म्हणजे अल्कलीच. नायलॉनचं उलट, त्याला आम्ल खातं. मंडळाच्या खोलीत बेल्टची गोणी आणि इन्व्हर्टरची बॅटरी शेजारी शेजारी ठेवलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. आम्ल लागलेला पट्टा वरून ठणठणीत दिसतो आणि झटका बसला की सुटतो. म्हणून तुमच्या ‘दिसायला चांगले’वर माझा फारसा भरवसा नाही.

आता २०१७चे. शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, ती बघा. माल दुकानात पडून राहिलेला असेल तर २०१५-१६ साल निघेल. कापडी आणि प्लास्टिकच्या साहित्याला, हेल्मेटसुद्धा त्यातच आलं, बऱ्याच कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात. काही त्याहून कमी. तुमच्या बेल्टच्या माहितीपत्रकात असेल तो आकडा धरा. तो वरचा आकडा आहे, हमी नव्हे. एकदा कोणी जोरात पडून लटकला असेल तर बेल्ट पहिल्याच वर्षी बाद. लेबल वाचता येत नसेल तरी बाद. आणि नुसता कंबरपट्टा असेल तर वयाचा प्रश्नच नको: पडणाऱ्याला झेलायला खांदे-मांड्या धरणारा पूर्ण हार्नेसच लागतो.

उरलेले भर उजेडात, हाताने तपासा. पट्टा उलटा वाकवून कडा बघा, शिलाईचा एकेक टाका बघा. रंग उडालेला, कापड कडक झालेलं, तंतू पिंजलेले, काहीही आढळलं तरी काढून टाका. पथकाचं नाव ऑइलपेंटने पट्ट्यावर रंगवायची हौस मात्र सोडा. रंगातलं थिनर कापडाला बाधू शकतं, आणि रंगाखालचं काही दिसत नाही.

अमेरिकेतले नामांकित गिर्यारोहक टॉड स्किनर २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीत दोरावरून उतरताना गेले. हार्नेसच्या पुढची कापडी कडी झिजून तुटली. ती झिजल्याचं त्यांना माहीत होतं, नवा हार्नेस मागवलेलाही होता.

हूक आणि कॅराबिनरला (दोर अडकवायची, उघडमिट होणारी धातूची कडी) अशी ठराविक मुदत नसते. गेट आपोआप मिटतं का, लॉक बसतं का, दोर घासून खाच पडली आहे का, एवढं बघा. खाच १ मिलिमीटरच्या घरात गेली की पुरे. खाडीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड येते, तिकडे लक्ष ठेवा.

बाद केलेले बेल्ट माळ्यावर टाकू नका, कात्रीने तुकडे करा. नाहीतर ऐन सणाला दोन कमी पडले की कोणीतरी ते खाली काढणारच.

प्रश्न : २०१९ साली बनलेला रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून खाली उतरायचा, दोर आहे. पावसाळ्यात एक-दोनदा धबधब्यावर नेतो, एरवी कपाटात. चालेल ना?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोर बनवणाऱ्यांचं ढोबळ गणित असं : मुळीच न वापरलेला १० वर्षं, वर्षातून एक-दोनदा वापरलेला साधारण ७, दर आठवड्याला वापरलेला जेमतेम वर्षभर. तुमचा दोर उताराला लागला आहे. धबधब्याची बारीक वाळू आवरणातून आत शिरते आणि आतले तंतू कापत राहते. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. मग हातभर हातभर वाकवत जा. कुठे चपटा लागला, दुमडताना गोल कमान न होता मोडल्यासारखा वाकला, तर आतला गाभा गेला. आणि कोणाची बंद पडलेली गाडी ओढायला दिला असेल, तर तो आता गाडीच्या डिकीतच राहू द्या.