टाके सुटलेत, केमो लांबलीय

«मी ५४ वर्षांची, काळाचौकीला चाळीत राहते. साडेपाच आठवड्यांपूर्वी डावा स्तन पूर्ण काढला. स्राव वाहून नेणारी नळी बाराव्या दिवशी काढली, मग पाणी साठलं, दोनदा सुईनं काढलं. आता काखेकडच्या टोकाला टाके सुटलेत, कड काळी पडलीय, रोज ब्लाउज ओला होतो. गल्लीतल्या कंपाउंडरच्या सांगण्यावरून हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुते, वर पावडर टाकते. मला शुगर आहे, उपाशीपोटी १८६ आली. तंबाखू खात नाही, सकाळी फक्त मिश्री लावते. थोरल्या जाऊबाईंनी अंडी, मासे, वांगं बंद केलंय, पू होतो म्हणतात. केमो पुढे ढकललीय. कॅन्सर जखमेतून वर येतोय का? सून ड्रेसिंग करते म्हणते, पण मला लाज वाटते. मी न्हाणीत दिवा बंद करून चाचपून बदलते.»

ताई, आधी त्या दिव्याचं बोलू. जखमेचा रंग, खोली, कडा यावरूनच ती भरतेय की बिघडतेय हे कळतं, आणि अंधारात यातलं काहीच दिसत नाही. त्यात ऑपरेशनमध्ये त्या भागातल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून कातडी बधिर असते. दुखून सांगेल म्हणावं तर तीही सोय नाही. डोळ्यांनीच बघावं लागणार.

कॅन्सर वर येतोय, असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. स्तन काढताना वरची कातडी खालच्या स्नायूपासून सोडवतात. खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि ती कातडी फक्त कडेकडून येणाऱ्या रक्तावर जगते. टाक्यांच्या रेषेवर हे रक्त सगळ्यात कमी पोचतं. तिथली कातडीची कड आधी निळसर, मग काळी पडते. खाली पाणी साठलं की कातडी छातीला चिकटत नाही, ताण येतो आणि टाके सुटतात. हे बऱ्याच जणींना होतं. कडेला टणक गाठ किंवा खडबडीत उंचवटा हाताला लागला तर मात्र दाखवा. शंका वाटली तर डॉक्टर तुकडा काढून तपासतात.

आता ती ‘फक्त’ मिश्री. मिश्री म्हणजे भाजून वाटलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात उतरतं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. नेमक्या त्याच, ज्यांच्यावर तुमची ती कड जगतेय. डबी आजच घराबाहेर काढा. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. ओपीडीत सांगा, मदत मिळते. निकोटिनचं च्युइंगगम मात्र आपल्या मनानं आणू नका, त्यातही निकोटिनच आहे. शुगरचंही तसंच. उपाशीपोटी १३० च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत हे साधारण लक्ष्य धरतात. जखम भरेपर्यंत इन्सुलिन सुचवलं तर घ्या. एकदा सुरू झालं की जन्माचं चिकटतं, हा चाळीतला समज आहे.

पेरॉक्साइड बंद करा. तो फेस बघून जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण जंतूंबरोबर नव्यानं येणाऱ्या पेशीही त्यात मरतात. डेटॉल आणि हळद यांनाही उघड्या जखमेत जागा नाही. पावडरीचे तर गोळे होतात आणि त्याखाली स्राव कोंडतो. धुवायला नॉर्मल सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, पुरतं. १०० मिलीची बाटली आणा, उरलेलं ओतून द्या. मोठी बाटली उघडून चार दिवस पुरवली की तिच्यातच जंतू वाढतात.

ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी ठरवून दिलेली दुखण्याची गोळी घ्या. पंखा बंद, दिवा चालू. बांगड्या-अंगठ्या काढून हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. जुनं गॉझ (जखमेवरचं जाळीदार कापड) चिकटलं असेल तर ओढू नका, त्यावर सलाइन ओता आणि पाच मिनिटं थांबा. ओढलं की कालपर्यंत आलेला नवा थर उखडतो. मग नीट बघा. डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल आणि ओलसर दिसतंय, तर जखम भरतेय. पिवळा, चिकट, दोऱ्यासारखा थर म्हणजे पू असेलच असं नाही, बहुतेकदा ती मेलेली पेशी असते. काळी कोरडी खपली नखानं उचकटू नका, ती डॉक्टर कापतील. पोकळी असेल तर सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेलं गॉझ सैलसर भरायचं, दाबून कोंबायचं नाही. एकच लांब पट्टी वापरा आणि तिचं टोक बाहेर ठेवा. लहान लहान तुकडे भरले की एखादा आत राहतो आणि महिनाभर जखम का भरत नाही ते कुणाला कळत नाही. वर कोरडं पॅड, त्यावर कागदी चिकटपट्टी. भोवतालची कातडी पांढरी, पाण्यात भिजल्या बोटांसारखी दिसायला लागली तर पॅड जास्त वेळा बदला. आठवड्यातून एकदा जखमेशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. ओपीडीत तोच दाखवायचा. पोकळी खोल असेल तर व्हॅक ड्रेसिंग, म्हणजे यंत्रानं स्राव ओढून घेणारं ड्रेसिंग, चालेल का तेही विचारा.

जाऊबाईंना आमचा नमस्कार सांगा आणि अंडी परत सुरू करा. अंड्यानं, माशानं, वांग्यानं पू होत नाही. तो जंतूंनी होतो. जखम भरते ती प्रथिनांनी, आणि ती वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. वजन ५८ किलो असेल तर रोज ७० ते ८७ ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ १४, शंभर ग्रॅम बांगडा किंवा पनीर साधारण १८ ते २०, कपभर दूध आणि वाटीभर दही मिळून १२, मूठभर शेंगदाणे ७, तीन चपात्या ९. पातळ वरण-भातावर हा हिशेब बसत नाही. पावसाळ्यात मासेमारीच्या बोटी बंद असतात, ताजी मासळी महाग; मग अंडी आणि सोयाबीन वाढवा. मात्र शुगर जुनी असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. मूत्रपिंड दमलेलं असेल तर प्रथिनांचं माप डॉक्टरच ठरवतील.

पावसात चाळीत कपडे वाळत नाहीत. दमट ब्रा किंवा बनियन घालू नका, इस्त्री फिरवून वाळवा. नळाची बादली भरून उचलायचं काम सध्या दुसऱ्यांचं. हात मात्र अगदी बांधून ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. किती उंच न्यायचा ते फिजिओथेरपिस्टला विचारा. हॉस्पिटलला लोकलनं जात असाल तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं. कागदपत्रं जवळ ठेवा, गर्दीत त्या बाजूला कोपर बसायला नको.

केमोनं पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून उघड्या जखमेवर ती देताना डॉक्टर थांबतात. दोन-तीन आठवड्यांनी बिघडत नाही. पण ऑपरेशनपासून तीन महिने उलटू द्यायचे नसतात. तेव्हा ‘जखम किती भरली की सुरू करणार?’ हे सर्जन आणि केमोचे डॉक्टर दोघांनाही विचारा. दोघं एकमेकांच्या फाइलची वाट बघत बसले असं होऊ देऊ नका.

जखमेशेजारी लाली दिसली तर तिच्याभोवती बॉलपेननं रेघ मारून वेळ लिहून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली, ताप १००.४ वर गेला, घाण वास किंवा पू आला, शुगर कारणाशिवाय चढली, किंवा रक्तानं पॅड भिजत राहिलं, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. एकदम भळकन पिवळसर पाणी आलं तर घाबरू नका, साठलेल्या पाण्यानं वाट काढली असेल. स्वच्छ पॅड लावून त्याच दिवशी दाखवा.

आणि सून. काखेजवळची जखम स्वतःच्या हातानं नीट होत नाही, आरसा असला तरी. पहिल्या दिवशी तिला फक्त चिकटपट्टी कापून द्यायला बसवा, तुम्ही पाठमोऱ्या. दुसऱ्या दिवशी सलाइन ओतू द्या. फोटो तर तिलाच काढावा लागेल, मोजपट्टी धरायला तुमचा एक हात अडकलेला असतो.