व्हिनेगर-सोड्यातून ‘गरम बर्फ’: पहिल्यांदा करताना

‘गरम बर्फ’ म्हणजे सोडियम ॲसिटेटचं (व्हिनेगर आणि सोड्यातून बनणाऱ्या मिठाचं) द्रावण, जे गार झाल्यावर एक कण पडताच गोठतं आणि गरम होतं. पहिल्या खेपेला ते गोठलं नाही म्हणून हिरमुसू नकोस, माझी पहिली दोन पातेली थेट मोरीत गेली होती.

सोडियम ॲसिटेटसाठी खायचा सोडाच घे. बेकिंग पावडर नको, तिच्यात स्टार्च असतो. १ लिटर पांढऱ्या, ५ टक्केवाल्या व्हिनेगरला साधारण ७० ग्रॅम सोडा लागतो. चमचाचमचा टाक, नाहीतर फेस ओट्यावर. फसफस थांबली की सोडा बंद, आणि वर थोडं व्हिनेगर जास्तच घाल. उरलेला सोडा सगळा खेळ बिघडवतो. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो.

खरी गोम आटवण्यात आहे. बहुतेक जण घाई करून गॅस लवकर बंद करतात. लिटरभराचं १०० ते १५० मिली होऊन वर पातळ साय धरेपर्यंत थांब. मग लगेच स्वच्छ काचेच्या भांड्यात ओतून झाक आणि न हलवता गार होऊ दे. काठावर मिठाचा एक जरी कण चिकटलेला असला तरी ते आपोआप गोठतं. तसं झालं तर चमचाभर पाणी घालून पुन्हा तापव.

गार झाल्यावर पातेल्याला चिकटलेला एक कण टाक. क्षणात पांढरे काटे पसरतील आणि भांडं हाताला गरम लागेल. हे स्फटिक ५८ अंशांना वितळतात, म्हणून तोच माल पुन्हा वापरता येतो.

निर्जल मीठ (पाणी पूर्ण काढलेलं सोडियम ॲसिटेट), पोटॅशियम ॲसिटेट वगैरे नंतर बघू. ते पोटॅशियमवालं तर हवेतलं पाणी ओढून चिकचिकाट करतं.